‘तू पण ये’च्या तालमी

३ जानेवारी, सोमवार. सकाळी ७.

आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही. सिनेमा गाजल्यावर लोक मागतील, तेव्हा बघू.

नाव पक्कं केलं : ‘तू पण ये’. सहकुटुंब बघण्याचा संगीतपट. गाणी नऊ. विषय, तरुण मुलं आणि स्वीकार. एक मुलगी बोलताना अडखळते म्हणून शाळेच्या गाण्याच्या ग्रुपमध्ये तिला घेत नाहीत. मग ती कुणालाच नको असलेल्या मुलांना गोळा करून आपला वेगळा ग्रुप काढते. शेवटी सगळे एकत्र गातात. लिहिताना मी तीनदा रडलो. चौथ्यांदा आरशात बघून रडलो, कसा दिसतो ते बघायला.

विषय कसा सुचला सांगता येत नाही. कलावंताला आतून येतं. बायको म्हणाली, आपली लेक अडखळते म्हणून सुचला असेल. म्हटलं, असेलही थोडाफार.

संकल्प. एक, आवाज चढवायचा नाही. दोन, वस्तू फेकायच्या नाहीत. तीन, मुलांशी मित्रासारखं वागायचं. तिन्ही गोष्टी मुळात माझ्या स्वभावातच आहेत, तरी लिहून ठेवलेलं बरं.

७.४०. संकल्प लिहीत असताना वरच्या मजल्यावरच्याने ड्रिल मशीन सुरू केलं. वर गेलो. समजावून सांगितलं. ड्रिल मशीन आता खाली रस्त्यावर आहे. सुदैवाने खाली कुणी नव्हतं.

दुसरा संकल्प उद्यापासून.

९ जानेवारी, रविवार.

ऑडिशन. जागा, मेहुण्याच्या गाद्यांच्या कारखान्याचा वरचा मजला. खाली शिलाई मशीन, वर आम्ही. चोहीकडे फोमचा भुसा, नाकात जातो. भिंतीला लावून नव्या गाद्या उभ्या. लोखंडी खांबावर आरसे बसवून घेतलेत. मेहुणाच निर्माता आहे. आयुष्यभर फोम विकला, पण मनात कला आहे.

त्याची एकच अट. म्हणाला, दाजी, मुलांच्या अंगाला बोट लावायचं नाही. मी हसलो. म्हटलं, मी? तो हसला नाही.

साठ मुलं आली. चौदा घेतली. एक जाडा मुलगा बरा गात होता, पण फ्रेम भरून टाकतो. नको म्हटलं. त्याने विचारलं, सर, गोष्ट तर नको असलेल्या मुलांची आहे ना? त्याला नीट समजावलं, की विषय स्वीकाराचा असला म्हणून आलेल्या प्रत्येकाला स्वीकारता येत नाही. त्याने मान हलवली. समजूतदार पोर.

नायिका मिळाली. दिवसभर अखंड बोलते, म्हणून सगळे तिला मैना म्हणतात. बोलताना एकदाही अडखळत नाही. अडखळण्याचा अभिनय करेल. अभिनय म्हणतात तो हाच.

यादीत एक्केचाळिसाव्या नंबरला माझ्याच लेकीचं नाव. सोळा वर्षांची आहे, स्वतः लिहून आली होती. पुढे येऊन नाव सांगायला लागली. लोक खोळंबले होते, म्हणून तिचं नाव मीच सांगून टाकलं आणि पुढच्याला बोलावलं. उद्या कुणी म्हणायला नको, दिग्दर्शकाने घरचीच घुसवली. तत्त्व म्हणजे तत्त्व.

परतताना बायको गाडीत एक शब्द बोलली नाही. पटलं असावं.

१७ जानेवारी. दुपारी ४.

तालमी जोरात. नाच बसवायला एक बाई आहेत. पन्नाशीच्या, किडकिडीत, गुडघ्याला पट्टा. कधी मोठ्याने बोलत नाहीत, त्यामुळे मुलं ऐकतात, असा त्यांचा समज आहे.

मी ताल द्यायला काठी आणली. जमिनीवर आपटायची, पाय आपोआप पडतात. सगळ्यांचे पडतात, खांब सोडून. खांब म्हणजे सहा फूट उंच मुलगा, सतरा वर्षांचा, ट्रक ड्रायव्हरचा. दोन्ही पाय डावेच. एक दोन तीन चारला तो पाचवर उतरतो. तीनदा सांगितलं. चौथ्यांदा काठी जरा तिरकी गेली.

काठी मोडली. नडगीवर.

खांब खाली बसला. पँट वर केली. तिथे अंड्याएवढं टेंगूळ आलं, बघता बघता निळं झालं. ओठ दाबून बसला होता. बर्फ मी स्वतः आणून दिला. थँक यू सर म्हणाला. नातं असं तयार होतं.

बाई जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, पुढच्या वेळी काठी मीही मोडीन, आणि जमिनीवर नाही. विनोदी स्वभाव.

आमचे वडील पट्ट्याने मारत. बकलाच्या बाजूने. काही बिघडलं का माझं? उलट दिग्दर्शक झालो.

२२ जानेवारी, शनिवार.

मैना अडखळते ती नादुरुस्त मशीनसारखी. प्रत्येक शब्दाला क क क. मी ओरडलो नाही. तिची वही खिडकीतून बाहेर गेली, एवढंच.

मग कळलं, आठवडाभर माझी लेक तिला शिकवतेय. गाद्यांच्या मागे बसून. मैनानेच सांगितलं. लेक म्हणते, अडखळणं अक्षरावर नसतं, अक्षराच्या आधी असतं. शब्द समोर दिसतो. तू दार ढकलतेस आणि पलीकडूनही कुणीतरी ढकलत असतं. तेव्हा तोंडाकडे बघणाऱ्याने फक्त थांबायचं असतं.

फारच सुंदर. संवादात घेतलं. लेकीला विचारलं, हे मला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, मी सां... म्हटलं, सांगणारच होतीस, हो ना? तिने मान हलवली. उभी की आडवी, ते बघायचं राहिलं. फोन आला होता.

३१ जानेवारी.

गेल्या आठवड्यात संगीतकाराशी दोन मात्रांवरून मतभेद.

शेवटचं गाणं त्याने उदास लावलं. मी म्हटलं, अहो, सगळे एकत्र आलेत, आनंद हवा. तो म्हणाला, शब्द आनंदी आहेत, चाल खरं बोलतेय. दिग्दर्शकाला खोटारडा म्हटल्यासारखंच झालं. मी त्याचा कीबोर्ड उचलला. तो माझ्या हाताला चावला. खरोखर चावला, दातांची पूर्ण महिरप उमटली आहे. मी त्याला गाद्यांवर ढकललं. फोममुळे तो उसळून परत आला. पुन्हा ढकललं. पुन्हा आला. तिसऱ्यांदा गादी चुकली आणि लोखंडी टेबलाची कड लागली. पुढचा दात अर्धा गेला.

खालून शिलाई मशीनवरच्या बायका वर आल्या आणि आम्हाला वेगळं केलं. एकीच्या हातात कात्री होती. बायकांमध्ये संयम कमी.

मुलं भिंतीला चिकटून उभी होती. म्हटलं, बघा, कलेसाठी माणसं कशी जीव टाकतात.

परवा संगीतकार आला. आनंदी चाल दारातूनच दिली. हेल्मेट डोक्यावरून काढलं नाही. स्कूटरवर आला होता, म्हणून असेल.

७ फेब्रुवारी, सोमवार.

खांबचा बाप आला. खांबाहून रुंद. दारात उभा राहून विचारलं, काठीवाला कोण? मी पुढे झालो. तालाची संकल्पना समजावायला सुरुवात केली.

नंतर मी जमिनीवर होतो. मधलं आठवत नाही. मग आठवलं, कारण तो पुन्हा मारत होता. ओठ फाटला, डाव्या बाजूच्या दोन फासळ्या. बुटाचं टोक पोलादी असतं ड्रायव्हरांच्या, हे नवीन कळलं. तोंडात रक्ताची चव, नाण्यासारखी.

चौदा मुलं उभी होती. एकही पुढे आलं नाही. मागून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. तालात होत्या, हे मान्य करायला हवं.

शेवटी खांबनेच बापाला कमरेला धरून मागे ओढलं. म्हणाला, बाबा, सोडा, मला ह्या सिनेमात राहायचंय. बाप म्हणाला, ह्या माणसाकडे? खांब म्हणाला, ह्या माणसाकडे नाही, ह्या मुलांकडे.

डोळे भरून आले. हाच माझा सिनेमा. फासळ्यांमुळे रडताही येत नाही.

पोलिसात जायचं नाही ठरवलं. क्षमा हा माझा पिंड.

१२ फेब्रुवारी. सकाळी ११.

हॉस्पिटल. मी बरा आहे. बायकोचं मनगट.

नाश्त्याच्या वेळी ती म्हणाली, हे थांबव. विचारलं, सिनेमा? ती म्हणाली, सिनेमा नाही, हे. आणि भिंतीवरच्या डागाकडे बोट दाखवलं. तिथे गेल्या आठवड्यात अंड्याची प्लेट लागली होती. मी तिचं मनगट धरलं. समजावताना माणूस हात धरतोच. ती सोड म्हणाली. मी म्हटलं, आधी ऐक. ती वळली, मी नाही वळलो. मधे एक छोटं हाड असतं म्हणे.

डॉक्टरने विचारलं, कसं झालं? ती म्हणाली, दार लागलं. मीही म्हटलं, दार. बऱ्याच दिवसांनी आम्हा दोघांचं एकमत झालं.

नाश्त्याच्या वेळी लेक स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. माझ्याकडे बघून तू तू तू करत राहिली. म्हटलं, तू काळजी करू नकोस बाबा, असंच ना? ती आत गेली. आतून कडी लावल्याचा आवाज आला.

संकल्प चौथा : घरी सिनेमाचा विषय काढायचा नाही.

२० फेब्रुवारी, रविवार.

शूटिंगचा तिसरा दिवस. आज भांडणाचा सीन. शाळेच्या ग्रुपची मुलं ह्या नको असलेल्या मुलांना धक्काबुक्की करतात. बाईंनी नाचासारखा बसवला होता. हात वर, एक दोन, हात खाली. गोड. मला गोड नको होतं.

दोन्ही बाजूंना वेगवेगळं घेतलं. ह्यांना सांगितलं, ते तुमच्या आयांबद्दल काय बोलतात. त्यांना सांगितलं, खांबचा बाप तुमच्या बापांना काय म्हणाला. थोडी भर घातली. दिग्दर्शन म्हणजे दुसरं काय असतं?

मग ॲक्शन म्हटलं.

चार मिनिटं. काय सीन झालाय! एकाने दुसऱ्याचं डोकं फरशीवर आपटलं, दोनदा, आवाज रेकॉर्ड झालाय. मैनाच्या हातात कुणाच्या तरी केसांचा पुंजका. ती किंचाळत होती, थांबेचना. एका मुलाच्या नाकातून रक्त असं आलं की त्याचा पांढरा शर्ट क्लोजअपमध्ये पूर्ण लाल. कॅमेरामनने मधेच कॅमेरा बंद केला. मी त्याला बाजूला सारून पुन्हा चालू केला. त्याला लागलं थोडं.

एकच गोष्ट वाईट. बाई तो गुडघा घेऊन मधे धावल्या आणि सगळ्यात खाली जो मुलगा होता त्याच्यावर पालथ्या पडल्या. त्यांच्या पाठीवर लाथा बसल्या. पण त्या फ्रेममध्ये आल्या. शॉट वाया.

दुपारी मुलं गाद्यांवर गोल करून बसली होती. एकमेकांचं रक्त पुसत होती. ज्याने डोकं आपटलं, तोच त्या डोक्यावर बर्फ धरून रडत होता. लेकही त्यांच्यात. मी गेलो तर कुणी वर बघितलं नाही. गोलाला फट नव्हती.

अशी एकजूट! मी घडवली.

संध्याकाळी मेहुण्याचा फोन. म्हणाला, दाजी, तो सीन मी बघितला, एकदा भेटायचंय. आवडलेला दिसतोय.

१ मार्च, मंगळवार. सकाळी. पोलीस ठाण्यातल्या बाकावर.

कागद मागून घेतला. काल काय झालं ते ताजं असताना लिहितो, म्हणजे पुढे विपर्यास नको.

काल शीर्षकगीत होतं, तेच शेवटचं गाणं. ‘ये, जशी आहेस तशी ये’. मुलं तिथल्या तिथे गाणार होती. मैनाचा आवाज बसलेला. आठवडा झाला तरी त्या किंचाळण्याने घसा उघडलेला नाही. मी कपाळावर हात मारला. कपाळ माझंच होतं, हे नोंदवतो.

बाई म्हणाल्या, तुमच्या मुलीला गाऊ द्या, तिला नऊच्या नऊ येतात. मी म्हटलं, तिला? बाई म्हणाल्या, तुम्हाला माहीत नाही?

लेक मधे उभी राहिली. गायली. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत एक अक्षर अडलं नाही. आवाज थोडा जाड, शेवटी शेवटी घोगरा. आणि तिने आनंदी चालीत गायलंच नाही, संगीतकाराच्या आधीच्या चालीत गायलं. मुलं मागून त्याच चालीत उतरली. सगळ्यांना ती पाठ होती. खालची शिलाई मशीन एकेक करून थांबली. त्या कारखान्यात फोमचा भुसा फार. माझ्या डोळ्यांत गेला.

संपल्यावर मी म्हटलं, छान, आता हेच पुन्हा, मेकअप करून, आनंदी चालीत.

ती नाही म्हणाली. मानेने. मग पुढे आली, अगदी माझ्यासमोर. म्हणाली, बाबा, आ... आईचा हा...

म्हटलं, आईचा हार घालायचाय सीनमध्ये? तिने मान हलवली. पुन्हा, आईचा हा... म्हटलं, आईचा हात धरून गायचंय? घे ना, बोलाव तिला. तिने डोळे मिटले. तू... तू मो... मी म्हटलं, हो, मोठं काम आहे हे, मला कल्पना आहे.

तिने पाय आपटला आणि म्हणाली, थांब!

स्पष्ट. एका दमात. तीस माणसांसमोर. माझ्या सेटवर मला असं कुणी आजवर बोललेलं नाही.

गाण्याचे कागद ठेवायचा लोखंडी स्टँड माझ्या हातात होता. तो मी भिंतीवर फेकला. भिंतीवरच. भिंत केवढी मोठी आहे ती. लेक भिंतीच्या आणि माझ्या मधे होती, ह्यात माझा काय दोष?

गळ्याजवळचं हाड. आवाज अगदी लहान झाला. ती ओरडली नाही. एक हात खाली लोंबला आणि दुसऱ्या हाताने तिने तो धरला, एखादी दुसऱ्याची वस्तू धरावी तसा, आणि खाली बसली. मानेजवळ कातडीखाली काहीतरी टोकदार वर आलं होतं. मी म्हटलं, काही नाही झालेलं. पुन्हा म्हटलं. पुढे गेलो, तिला उठवायला.

तेवढ्यात मला मागून कुणीतरी उचललं. पाय सुटले जमिनीवरून. खांब. त्याने मला गादीवर पालथं टाकलं आणि पाठीवर बसला. माझं तोंड फोममध्ये, श्वास जेमतेम. जुन्या फासळ्यांवर त्याचा गुडघा. म्हणाला, सर, हलू नका. पुन्हा म्हणाला, हलू नका, नाहीतर मी काय करीन मला माहीत नाही. पोलीस येईपर्यंत बसून होता. अकरा मिनिटं.

पहिल्यांदाच त्याने एक पोझिशन नीट धरली.

३ मार्च.

लेकीचा जबाब. हाताला झोळी बांधून आली, आई सोबत. आईच्या हाताला प्लास्टर. मी पलीकडच्या खोलीत, मधे अर्धी पार्टिशन. बघता येत नव्हतं, ऐकू सगळं येत होतं.

जबाब घ्यायला एक पोलीस बाई होत्या, पेनने लिहिणाऱ्या. म्हणाल्या, पहिल्यापासून सांग, घाई नाही.

चाळीस मिनिटं लागली. एकेका शब्दाला कधी कधी पूर्ण मिनिट. पेनचा आवाज थांबायचा, पंखा फिरायचा, कुणी काही बोलायचं नाही. मग शब्द यायचा आणि पेन चालू. एकदा मी पार्टिशनवरून एक शब्द पुरवला, मदत म्हणून. पोलीस बाई म्हणाल्या, तुम्ही गप बसा. लेकीला म्हणाल्या, तुझा शब्द काय होता? वेगळाच होता.

ड्रिल मशीन, नडगी, दात, अंड्याची प्लेट, नाक. तारखांसकट. आईचा हात बाबाने मोडला, हे वाक्य एकदाच म्हणाली, पण पूर्ण म्हणाली. मी मनातल्या मनात पुढचा शब्द ओळखत बसलो होतो. नंतर नंतर एकही ओळखता येईना.

शेवटी पोलीस बाईंनी विचारलं, आणखी काही? लेक बराच वेळ थांबली. मग म्हणाली, ते गा... गाणं मला आवडतं. पोलीस बाई म्हणाल्या, तेही लिहू? ती हो म्हणाली.

एकंदर जबाब एकतर्फी. वकिलाला सांगायला हवं.

१६ मार्च. दादाकडे.

जामीन झाला. बायको, लेक आणि कलाकार मुलं ह्यांच्यापासून शंभर मीटर दूर राहायचं, असा हुकूम. मोठ्या भावाच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानामागे एक खोली आहे, तिथे आहे. रबर आणि ग्रीसचा वास. लिहायला एकांत उत्तम.

मेहुणा येऊन गेला. बसला नाही. म्हणाला, सिनेमा बाई पुरा करतील. मुलांनी गोष्ट थोडी बदललीय. मी म्हटलं, माझी गोष्ट? तो म्हणाला, दाजी, आता ती त्यांची आहे. जाताना म्हणाला, तुम्हाला दाजी म्हणायची ही शेवटचीच वेळ.

तो पाठमोरा झाला तेव्हा माझ्या हातात हवा भरायचा पंप होता. फेकणार नव्हतो. उचलला होता फक्त. दादाने मधे येऊन माझ्या कानाखाली वाजवली. कान अजून वाजतोय. खाली पडलो तेव्हा सायकलीही पडल्या, एकावर एक, अकरा.

दादा एकसष्ट वर्षांचा. आयुष्यात कुणावर हात उचलला नाही त्याने, मुलांवरही नाही. मारून झाल्यावर स्वतःच स्टुलावर बसला आणि तो हात बघत राहिला. म्हणाला, हा बाबांचा हात आहे. साठ वर्षं खिशात घालून फिरलो मी हा. तू बाहेर काढायला लावलास. आणि रडला. पाना हातात घेऊन, मोठ्याने, दोन गिऱ्हाइकांसमोर.

दादा पहिल्यापासून भावनाप्रधान.

२ जून.

मेहुण्याला बावीस सूचना लिहून पाठवल्या. शॉटनुसार. पाकीट न उघडता परत आलं. पत्ता लिहिण्यात चूक झाली असावी. बघितलं, पत्ता बरोबर आहे.

११ ऑगस्ट, गुरुवार.

कोर्टाने रागाच्या वर्गाला जायला लावलंय. आठवड्याला दोन तास, प्लास्टिकच्या खुर्च्या, गोल करून बसायचं. बाकीचे खरोखरच रागीट आहेत. एकाने कुत्र्यावर गाडी घातली, एकाने सासऱ्याचा जबडा तोडला. त्यांच्यात मी उठून दिसतो. घेणाऱ्या मॅडमना म्हटलं, मी इथे चुकून आलोय. त्यांनी सांगितलं, सगळे पहिल्या वर्षी हेच म्हणतात. मी विचारलं, वर्ष?

खुर्ची आपटली. आता दीड वर्ष.

२९ सप्टेंबर.

बायकोचे घटस्फोटाचे कागद आले. सही केली. एका जागी नाही करणार होतो, मग केली. दादा समोर उभा होता. पाय जमिनीला खिळल्यासारखे, दोन्ही हात खिशात.

खाली लेकीचीही सही होती, साक्षीदार म्हणून नव्हे, फक्त प्रत मिळाल्याची. नवीन घराचा पत्ता झाकलेला. तिचं अक्षर मोठं झालंय.

१८ नोव्हेंबर, शुक्रवार.

‘तू पण ये’ आज लागला. शहराच्या त्या टोकाला, जुन्या थिएटरमध्ये. मुलं पहिल्या खेळाला येणार हे माहीत होतं, म्हणून समोरच्या बाजूला, टायरच्या दुकानात उभा राहिलो. अंतर पावलांनी मोजलं. एकशे चाळीस. कायदा मी पाळतो.

अडीचला आत गेले. साडेपाचला बाहेर आले. मी मोजत होतो, मग मोजणं सोडलं. गर्दी होती. खांब दिसला, सगळ्यांच्या वर डोकं. मैना बोलत होती, इतक्या लांबून कळतं. तो जाडा मुलगाही होता त्यांच्यात, पोस्टरवर तर अगदी मधे. लेक कोणत्या बाजूने गेली, दिसलं नाही.

एक बाई रस्ता ओलांडून आल्या. डोळे पुसत होत्या, हातात पिशवी, दुकानासमोरच्या बस स्टॉपवर उभ्या राहिल्या. मी विचारलं, कसा आहे सिनेमा?

म्हणाल्या, चांगलाय हो. मुलांनी जीव ओतलाय. ती अडखळणारी मुलगी तर काय गाते! बोलताना थांबते ना, तेव्हा अख्खं थिएटर थांबतं तिच्यासाठी.



मग म्हणाल्या, फक्त तिच्या बापाचं काम जरा जास्तच रंगवलंय. येता जाता मारतो काय, फेकतो काय, आणि वर स्वतःला प्रेमळ समजतो. असा कुठे बाप असतो का?

म्हटलं, नसतो.

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. विचारलं, तुमचं कुणी आहे का ह्या सिनेमात?

म्हटलं, नाही. टायर बघायला आलोय.